डोळ्यापुरती भूल

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूची तारीख घेऊन बाहेर आलेली माणसं बाकावर टेकली की बोलणं थोड्याच वेळात सुईवर येतं. काळा चष्मा कुणीतरी आधीच आणून ठेवलेला असतो, सोबतीला कोण थांबणार हेही ठरलेलं असतं. राहते ती सुई. "डोळ्यात देतेत का डोळ्याखाली?" ज्याचा एक डोळा आधी झालाय तो सांगतो, "खाली देतेत. मुंगी चावल्यावाणी हुतं, मंग काई कळत न्हाई." तेवढ्यात कुणाचा तरी भाचा पुण्याचं सांगतो. तिथं म्हणे नुसते थेंब टाकतात, सुई नाही, पट्टी नाही, माणूस ऑपरेशन करून चालत घरी. मग ऐकणाऱ्यांच्या मनात एक हिशेब पक्का होतो: थेंबाचं ते मोठ्या लोकांचं, सुईचं ते गरिबांचं.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्यापायी माणसं घाबरतात, तारखा चुकवतात, कधी कधी डोळाही घालवतात. सुई, थेंब, बोथट नळी की पूर्ण भूल, हा निर्णय पैशांवर ठरवायचा नसतो. डोळ्याचा आजार कोणता, त्या डोळ्यात नजर किती शिल्लक आहे, टेबलावर झोपणाऱ्या माणसाला खोकला किती आहे, यावर तो ठरतो. हे नीट उमगायचं तर भूल डोळ्यापर्यंत आली कशी ते मागं जाऊन पाहावं लागतं. त्या वाटेवर व्हिएन्ना लागतं, स्टॉकहोम लागतं, आणि निजामाचं हैदराबादही लागतं. अंबाजोगाईचा बीड जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशाची, म्हणजे आपल्या मोतीबिंदूची, शस्त्रक्रिया सविस्तर सांगितली आहे. जवाच्या आकाराचं टोक असलेली शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालायची आणि नजरेच्या वाटेतला गढूळपणा बाजूला सारायचा. नंतर डोळ्यावर स्त्रीच्या दुधाचं सिंचन करायचं. बधिर करणारं औषध मात्र त्यात नाही. शस्त्रकर्माआधी रोग्याला खाऊ घालावं आणि पिणाऱ्याला कडक मद्य द्यावं, असं सूत्रस्थानात आहे. बाकीचं काम डोकं घट्ट धरणाऱ्या हातांचं. ही पद्धत खेडोपाडी फिरणाऱ्या जाणत्यांच्या हातांत शेकडो वर्षं टिकली. मद्रासच्या नेत्ररुग्णालयात काम केलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, कारण अशा हातांखालून गेलेले आणि पुढे बिघडलेले डोळे त्यांच्याकडे सतत येत होते. शलाकेचं काम काही क्षणांत आटपायचं. दुखायचं, पण थोडाच वेळ. भुलीवाचून ते एवढी वर्षं चाललं याचं एक कारण हे.

पुढची पायरी भुलीवाचून फार कठीण होती. फ्रान्सच्या जाक दाविएल यांनी १७४७ साली बुबुळाच्या कडेला छेद देऊन गढूळ भिंग बाहेर काढलं. भिंग आत ढकलण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, पण त्यासाठी डोळा उघडा आणि स्थिर राहायला हवा. जागा माणूस, उघडा डोळा आणि समोर पातं. पापणी मिटणं आणि डोळा वर फिरणं कुणाच्या हातात नसतं, कितीही धीराचा माणूस असो. १८५७ च्या सुमारास बर्लिनच्या आल्ब्रेश्ट फॉन ग्रेफे यांनी काचबिंदूसाठी बुबुळाच्या रंगीत पडद्याचा तुकडा कापायला सुरुवात केली. दाबाने आधीच ठणकणारा डोळा, त्यावर हे. शस्त्रक्रिया पुढे गेली होती, भूल मागे राहिली होती.

त्याआधी, १८४७ साली, एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला होता. हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांना ते वरदान ठरलं. डोळ्याच्या बाबतीत त्याने नवीन अडचण उभी केली. त्या काळी डोळ्याच्या छेदाला सहसा टाका घालत नसत. क्लोरोफॉर्ममधून शुद्धीवर येणारा माणूस ओकायचा, खोकायचा, जोर करायचा, आणि त्या जोराने डोळ्याच्या आतला मऊ गर छेदातून बाहेर यायचा. ऑपरेशन नीट झालेलं असायचं, डोळा पलंगावर जायचा. म्हणून अनेक नेत्रशल्यचिकित्सक क्लोरोफॉर्म हाताशी असूनही रोग्याला जागं ठेवूनच काम करत.

क्लोरोफॉर्म जीवही घेत होतं, आणि का घेतं यावर जगभर वाद होता. त्या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या बाजूला घडला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन आणि तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की क्लोरोफॉर्म हृदयाला धक्का लावत नाही, श्वासाकडे लक्ष ठेवलं की पुरे. हे सिद्ध करायला सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पैशातून १८८८ आणि १८८९ साली दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसली. दुसऱ्याच्या वेळी लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचे प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन आले. कुत्री, माकडं अशा शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला. लॉरींच्याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी तिथे क्लोरोफॉर्म देत. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदयाची लय अचानक बिघडून माणूस जाऊ शकतो.

लॉरींचं एक म्हणणं मात्र आजही खरं आहे. पूर्ण भूल द्यायची तर श्वासावर नजर ठेवणारं जाणतं माणूस सबंध वेळ उशाशी हवं. ते माणूस तेव्हा दुर्मीळ होतं, आणि तालुक्याच्या गावी आजही सहज मिळत नाही. डोळ्यांच्या शस्त्रक्रिया खेड्यापर्यंत पोचायच्या तर भूल फक्त डोळ्यापुरती असायला हवी होती.

अशी भूल हैदराबादच्या पहिल्या कमिशनआधी चार वर्षं सापडली होती. कोकाच्या पानांतून कोकेन वेगळं काढण्याचं काम आल्बर्ट नीमान यांनी १८६० च्या सुमारास केलं होतं. चाखल्यावर जीभ बधिर होते हे अनेकांच्या अनुभवाचं होतं. १८८४ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सिग्मंड फ्रॉइड कोकेनचा अभ्यास करत होते, तो थकवा आणि मनाच्या आजारांसाठी. त्यांचा तरुण सहकारी कार्ल कोलर डोळा बधिर करणारं औषध शोधत होता. मॉर्फिन, क्लोरल वापरून झालं होतं, उपयोग झाला नव्हता. जीभ बधिर होते तर डोळा का नाही, हा प्रश्न कोलरला सुचला. प्रयोगशाळेत गुस्ताव गेर्टनर सोबतीला होते. आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकला, मग ससा, मग कुत्रा, आणि शेवटी दोघांनी एकमेकांच्या डोळ्यात. टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला, तो जाणवलाच नाही. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हे जाहीर झालं. कोलरकडे प्रवासाचे पैसे नव्हते, म्हणून त्यांचा निबंध ट्रिएस्टचे डॉ. ब्रेटाउअर यांनी वाचला.

पुढच्या वर्षीची एक घटना मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. एप्रिल १८८५ मध्ये फ्रॉइडच्या वडिलांच्या, याकोब यांच्या, डोळ्यावर काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया लिओपोल्ड क्योनिगश्टाइन यांनी केली, कोकेनचे थेंब कोलर यांनी टाकले, फ्रॉइड शेजारी उभे होते. म्हणजे डोळ्यापुरत्या भुलीच्या पहिल्या काही महिन्यांतच तिचा लाभ काचबिंदूच्या एका म्हाताऱ्या रोग्याला मिळाला. काचबिंदूलाच या औषधाचा धोकाही होता. कोकेनने बाहुली मोठी होते, आणि ज्या डोळ्यात आतलं पाणी बाहेर जायची वाट मुळात अरुंद असते तिथे बाहुली मोठी झाली की ती वाट बंद होऊन दाब भडकू शकतो. बुबुळावरचा पातळ थरही त्याने सैल पडायचा. एकाच औषधात मोतीबिंदूचा फायदा आणि काचबिंदूचा धोका. दोन आजारांची ही ओढाताण पुढच्या प्रत्येक पद्धतीत दिसते.

थेंबांनी डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो, डोळा हलायचा थांबत नाही. म्हणून सुई आली. १८८४ मध्येच न्यूयॉर्कच्या हेर्मान क्नाप यांनी डोळा काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी डोळ्यामागे कोकेन टोचलं. त्याच वर्षी टर्नबुल यांनी डोळ्याभोवतीच्या टेननच्या आवरणात औषध सोडून पाहिलं. ही दुसरी युक्ती पुढे शंभर वर्षं जवळजवळ अडगळीत पडली. कोकेनचं विष आणि व्यसन दोन्ही लवकरच समोर आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत पानात घालून कोकेन खाणारे होते. आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी नोव्होकेन बनवलं, ते १९०५ च्या सुमारास वापरात आलं आणि सुईतलं औषध बरंच सुरक्षित झालं. बेल्जियमच्या व्हान लिंट यांनी १९१४ साली पापणी मिटणाऱ्या स्नायूंची शीर बधिर करायची रीत दिली. काही वर्षांनी ओब्रायन यांनी तेच काम कानासमोर, जबड्याच्या सांध्यावर एक सुई देऊन साधलं. आपल्याकडचे जुने रोगी "एक सुई कानापाशी, एक डोळ्यामागं" असं सांगतात, त्यातली कानाजवळची सुई ती ही.

डोळ्यामागच्या सुईला नेमका आकार दिला वॉल्टर अ‍ॅटकिन्सन यांनी, १९३६ मध्ये. दीड इंचाची सुई, खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूने, डोळ्याच्या स्नायूंच्या आतल्या पोकळीत. तिथे दोन-चार मिलिलिटर औषध सोडलं की वेदना थांबते, डोळा हलायचा थांबतो, आणि काही वेळ नजरही मंद होते. सुई देताना रोग्याला वर आणि नाकाच्या दिशेने बघायला सांगायचं, असं अ‍ॅटकिन्सन यांनी सांगितलं होतं. ते जगभर शिकवलं गेलं. १९४९ मध्ये त्यांनीच औषधात हायल्युरोनिडेज मिसळायला सुरुवात केली. जनावरांच्या वृषणातून काढलेल्या या द्रव्याने भूल भोवतीच्या मांसात लवकर पसरते.

सुईतलं औषध पुन्हा बदललं ते स्वीडनमुळे. स्टॉकहोममध्ये जवाच्या रोपांवर संशोधन चालू असताना ग्रामीन नावाचं एक द्रव्य मिळालं. तसंच दुसरं द्रव्य बनवताना चाखणाऱ्याची जीभ बधिर झाली. त्या धाग्यावरून निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार केलं. लुंडक्विस्टने ते स्वतःच्या अंगावर टोचून पाहिलं. १९४८ पासून ते झायलोकेन या नावाने बाजारात आलं. सुश्रुताच्या शलाकेचं टोक जवाचं आणि आजच्या भुलीचा उगमही जवात, या योगायोगाचा मला आनंद होतो. १९४८ हे मराठवाड्याच्या मुक्तीचंही वर्ष. झायलोकेन बाजारात आलं त्याच वर्षी बीड निजामाच्या राज्यातून बाहेर पडलं.

या औषधाच्या आणि त्या दीड इंची सुईच्या जोरावर भारतात डोळ्यांची शिबिरं उभी राहिली. कर्नाटकचे डॉ. एम. सी. मोदी गावोगाव फिरून शस्त्रक्रिया करत. एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची त्यांची नोंद गिनेसच्या पुस्तकात गेली. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. शेजारच्या लातूर जिल्ह्यातले डॉ. तात्याराव लहाने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जाण्याआधी इथल्याच नेत्रविभागात होते. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

शिबिराची घडी ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल. झेडपीच्या शाळेचे वर्ग रिकामे केलेले, बाकं जोडून टेबल केलेलं, रांगेत झोपवलेली म्हातारी माणसं. एक डॉक्टर पुढे सुई देत जाणार, दुसरा मागून भिंग काढत येणार. सुई दिलेल्या डोळ्यावर हाताच्या तळव्याने काही मिनिटं दाब द्यायचा, म्हणजे औषध पसरतं आणि डोळा नरम पडतो. मग "वर बघा मामा, खाली बघा." डोळा जागचा हलला नाही की मामा पुढच्या टेबलावर. गॅस नको, वीज गेली तरी भूल टिकते, माणूस उपाशी ठेवायची गरज नाही. त्या शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगाचा चष्मा लागायचा, तरी चुलीवरची भाकरी दिसायला लागायची, नातवाचं तोंड दिसायचं. भूलतज्ज्ञ नसलेल्या प्रदेशात लाखो डोळे या सुईने उघडले. तिला मागास म्हणणाऱ्याने हे विसरू नये.

तिचे धोकेही खरे होते. डोळ्यामागे रक्तवाहिनी फुटली की डोळा टणक होऊन पुढे येतो, ऑपरेशन थांबवावं लागतं. लांबट डोळ्यात, म्हणजे मोठा मायनस नंबर असलेल्यात, सुई डोळ्याच्या भिंतीतून आत जाऊ शकते. क्वचित औषध दृष्टीच्या नसेच्या आवरणातून मेंदूपर्यंत जाऊन श्वास थांबतो. १९८१ साली उनसोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर पाहिलं की माणूस वर आणि नाकाकडे बघतो तेव्हा दृष्टीची नस खाली-बाहेर सरकते, अगदी सुईच्या वाटेत. पंचेचाळीस वर्षं जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत "वर, नाकाकडं बघा" असं सांगितलं जात होतं, आणि ती सूचनाच नसेला सुईजवळ आणत होती. तेव्हापासून "सरळ समोर बघा" असं सांगतात. सूचनेतला हा लहानसा बदल मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची सुधारणा वाटते. तिला नवीन यंत्र लागलं नाही, पैसा लागला नाही, फक्त जुन्या शिकवणीकडे पुन्हा बघायची तयारी लागली.

१९८६ मध्ये डेव्हिस आणि मॅन्डेल यांनी स्नायूंच्या पोकळीत शिरण्याऐवजी डोळ्याभोवती औषध सोडायची पद्धत मांडली. ती पेरिबल्बर. सुई इंचभर, औषध जास्त, परिणामाला थोडा वेळ, पण नसेपासून अंतर. आज ग्रामीण महाराष्ट्रात "सुई" म्हणतात ती बहुतेक हीच. लिग्नोकेन आणि बुपिव्हॅकेन एकत्र, त्यात हायल्युरोनिडेज. वर दाबासाठी रबरी चेंडू, ज्याला शस्त्रक्रियागृहातली माणसं पिंकी बॉल म्हणतात. १९९० च्या आसपास टर्नबुलची जुनी युक्तीही परत आली. थेंबाने पृष्ठभाग बधिर करायचा, नाकाकडच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्यावरच्या पातळ पडद्याला कात्रीने बारीकशी चीर द्यायची आणि बोथट, वाकडी नळी टेननच्या आवरणाखाली सरकवून औषध सोडायचं. १९९२ मध्ये स्टीव्हन्स यांनी ही रीत सोपी करून मांडली. तीक्ष्ण टोक नसल्याने डोळा टोचला जायची भीती फारच कमी. डोळा लालभडक होतो एवढंच, आणि आठवडाभरात तो निवळतो.

याच सुमाराला फॅको, म्हणजे बारीक छेदातून भिंग आतच फोडून शोषून घेण्याची शस्त्रक्रिया, रुळली. छेद तीनेक मिलिमीटरचा झाल्यावर डोळा पूर्ण थोपवायची गरज कमी झाली आणि कोलरचे थेंब, नव्या औषधाच्या रूपात, परत आले. १९९२ मध्ये फिचमन यांनी टेट्राकेनच्या थेंबांवर मोतीबिंदू काढायला सुरुवात केली. पुढे डोळ्याच्या आत लिग्नोकेनचा अंश सोडू लागले. १९९८ मध्ये अहमदाबादला चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी कोणतीच भूल न देता फॅको करून दाखवली. पुण्याच्या भाच्याने ऐकलेलं "नुसते थेंब" ते हे.

मग थेंबच सगळ्यांना का नाहीत? थेंबांवर शस्त्रक्रिया करताना रोग्याने दहा-पंधरा मिनिटं मायक्रोस्कोपच्या उजेडाकडे बघत राहायचं असतं, डोळा सबंध वेळ हलायला मोकळा असतो. डॉक्टर सांगतील ते ऐकू यायला हवं, कळायला हवं आणि पाळता यायला हवं. आणि मोतीबिंदू मऊ हवा. बीडमध्ये टेबलावर येणारा मोतीबिंदू अनेकदा तसा नसतो. दसरा-दिवाळीनंतर जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, घरी म्हातारी माणसं आणि लेकरं. डोळा दुखेना, म्हणून आजी थांबते. "पिकू द्या" हा जुना सल्ला कानात असतो. जाड भिंगाच्या चष्म्याच्या काळात त्याला अर्थ होता, आता नाही. पाडव्याच्या आसपास पोरं परत येईपर्यंत मोतीबिंदू तपकिरी, दगडासारखा टणक झालेला. तो काढायला साताठ मिलिमीटरची बिनटाक्याची बोगद्यासारखी वाट करावी लागते आणि त्या वाटेने अख्खं भिंग बाहेर आणावं लागतं. अशा डोळ्याला नीट दिलेला ब्लॉकच, म्हणजे डोळा स्थिर करणारी सुईची भूलच, योग्य. तिथे सुई देणारा डॉक्टर रोग्याला हलक्या प्रतीचं काही देत नसतो.

कधी कधी पिकलेलं भिंग आत फुगतं किंवा पाझरतं आणि पाण्याची वाट अडून दाब चढतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू एकाच डोळ्यात. डोळा लाल, डोकं फुटतंय, उलट्या, आणि घरचे पित्ताच्या गोळ्या देताहेत. अशा सुजलेल्या डोळ्यावर थेंबांचा परिणाम अर्धवट होतो, आणि सुई दिली तर आधीच चढलेला दाब आणखी चढतो. म्हणून आधी गोळ्या आणि मॅनिटॉलची सलाईन लावून दाब उतरवतात, आणि मग थोड्या मात्रेत ब्लॉक देतात. घाई दोन्ही बाजूंनी नडते.

जुना, चोरपावलांनी आलेला काचबिंदू पुन्हा वेगळा. त्यात नस सुकत आलेली असते आणि नजरेचा मधला छोटासा भाग तेवढा उरतो. डोळ्याभोवती सहा-सात मिलिलिटर औषध साठलं की डोळ्याच्या खोबणीतला दाब काही काळ वाढतो. निरोगी नस तो सोसते, सुकलेली नस कदाचित सोसणार नाही आणि उरलेली नजर शस्त्रक्रियेनंतर गेलेली आढळते. म्हणून अशा डोळ्याला जाणते डॉक्टर मोठा ब्लॉक टाळतात, औषधात अ‍ॅड्रिनलिन घालत नाहीत, रबरी चेंडू लावत नाहीत. टेननखाली बोथट नळीने थोडंसं औषध, किंवा थेंब आणि छेदाच्या जागी पडद्याखाली थोडं लिग्नोकेन. नळीसाठी चीर खालच्या कोपऱ्यात दिलेली असते त्याचाही फायदा होतो, कारण काचबिंदूत पाण्याला नवीन वाट वरच्या पापणीखाली करायची असते आणि तिथला पडदा जपावा लागतो. केर्न्स यांनी १९६८ मध्ये ही नवीन वाटेची शस्त्रक्रिया मांडली. आजही तिचं यश त्या पातळ पडद्यावर बरंच अवलंबून आहे.

म्हणजे खेड्यातल्या टणक मोतीबिंदूला सुई बरी, आणि सुकत आलेल्या नसेला सुई कमीत कमी बरी. याचा कुणाच्या ऐपतीशी संबंध नाही. चुलीच्या धुराने आणि विडीने छाती भरलेले बाबा पाठीवर सपाट झोपूच शकत नसतील, तर आधी छातीचा इलाज. खूप थरथर, वेड लागल्यासारखी घाबरगुंडी किंवा लहान मूल असेल तर पूर्ण भूल, आणि त्यासाठी मोठ्या ठिकाणी जायची तयारी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, फक्त न विसरता सांगायची, म्हणजे डॉक्टर सुईऐवजी थेंब किंवा बोथट नळीचा विचार करतील. दुसरा डोळा आधीच गेलेला असेल तर तेही ठासून सांगायचं. हे सगळं बाहेरच्या बाकावर, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, कुणीतरी आपल्या बोलीत समजावून सांगायला हवं. "मावशी, डोळ्यासमोर थोडा वेळ अंधार झाल्यावाणी वाटंल, त्ये भुलीमुळं हाय, भ्याचं न्हाई." एवढं आधी कानावर पडलेली बाई टेबलावर दचकत नाही.

आणि एक मागणी, जिला खर्च काही नाही. सुट्टीच्या कार्डावर भुलीबद्दल बहुतेक वेळा "एल. ए." (लोकल अ‍ॅनेस्थेशिया) एवढी दोन अक्षरं असतात. सुई कुठली, औषध किती, खोकला आला का, दाब वाढला का, नळीने रक्त जमलं का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. सहा महिन्यांनी तीच आजी दुसऱ्या डोळ्यासाठी जालन्याला किंवा लातूरला जाते, आणि तिथला डॉक्टर पहिल्या डोळ्याचा अनुभव हातात नसताना सगळं नव्याने ठरवतो. त्या दोन अक्षरांपुढे दोन ओळी लिहायला हव्यात, आणि घरच्यांनी ते कार्ड पिशवीत जपून ठेवायला हवं, रेशनकार्डासोबत.